बाबलने बुजवलेली भोकं

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा नाव बघून मी तो कट केला. खरं सांगतो. वाटलं, नवऱ्याच्या, म्हणजे बाबलच्या, वतीने माझी समजूत काढायला फोन केलाय, आणि मला इतक्यात समजूत काढून घ्यायची नव्हती. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. त्या म्हणाल्या, “भावजी, हे गेले.” मी विचारलं, “कुठे गेला?” असा मी शहाणा माणूस. मग त्यांनी सांगितलं, पहाटे झोपेतच, हार्ट. आमचं भांडण होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

बाबल आणि मी परळच्या म्युनिसिपल शाळेत एका बाकावर बसायचो. मी पुढे दादरला राहायला गेलो, ऑफिसात चिकटलो. तो लालबागला गाड्यांच्या पत्र्याचं डेंटिंग शिकला आणि तिथेच एका गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. जुन्या गाड्यांवर त्याचा जीव. या गाड्यांच्या दारांवर चकचकीत पट्ट्या असतात; पट्टी गेली की तिची भोकं मागे राहतात. दुसरे डेंटर त्यात पुट्टी भरून वर रंग मारतात, आणि दोन पावसाळ्यांत प्रत्येक भोकाच्या जागी फोड येतो. बाबल म्हणायचा, “पुट्टी म्हणजे लग्नातली पावडर रे सुद्या, घाम आला की गेली.” तो भोकामागे तांब्याची पट्टी धरून वेल्डिंगचा एकच ठिपका द्यायचा, मग शेजारचं भोक सोडून पार दुसऱ्या टोकाचं घ्यायचा, पत्रा तापून वाकडा होऊ नये म्हणून. एका दाराला दोन-दोन दिवस. मी चिडवायचो, “अरे, गाडी दुरुस्त करतोयस की स्वेटर विणतोयस?” पण काम झालं की भोक कुठे होतं ते त्यालासुद्धा सापडायचं नाही.

माझी जुनी पद्मिनी गाडी त्याच्याकडे दिली ती मुलीच्या लग्नासाठी. आधीच्या मालकाने तिला वाट्टेल तिथे पट्ट्या ठोकल्या होत्या. मला ती साधी, मूळची हवी होती आणि तिच्यातूनच लेकीला हॉलवर न्यायचं होतं. मी बाबलला बजावलं, “एक भोक दिसता कामा नये.” चार महिने गेले. मी जायचो, तो चहा मागवायचा, आणि चहा पिऊन झाल्यावर विचारायचा, “चाय घेणार ना?” मी म्हणायचो, म्हातारा झालास. तो हसायचा. मीही हसायचो... आता वाटतं, मी नक्की कशाला हसत होतो?

लग्नाला पंधरा दिवस असताना गाडी झाली. रंग असा की बघत राहावं. मी ड्रायव्हरच्या बाजूला गेलो, तर दाराला हँडल नाही. रंगासाठी काढलं असेल, लावायचं राहिलं असेल, म्हणून वाकून बघितलं, तर हँडलची भोकं नाहीत, कुलपाचं भोक नाही. सगळं बुजवून, घासून, रंगवून टाकलेलं. इतकं सुंदर काम मी त्याच्याही हातचं पाहिलं नव्हतं. माझं टाळकंच सरकलं. “डोकं फिरलंय काय तुझं? दार उघडायचं कुठून?” बाबलने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत दाराकडे. मग हळूच म्हणाला, “तुम्हीच म्हणालात ना साहेब, एक भोक दिसता कामा नये.”

साहेब! पन्नास वर्षांत त्याने मला सुद्याशिवाय हाक मारली नव्हती. मला वाटलं, वर टोमणा मारतोय. तोंडाला येईल ते बोललो, ते इथे लिहिणार नाही. डाव्या दाराने आत शिरलो, सीटवरून सरकत स्टिअरिंगपाशी गेलो आणि गाडी काढली. संध्याकाळी वहिनींना फोन करून त्यांनाही ऐकवलं. त्या फक्त “हो भावजी” म्हणाल्या. लग्नाला भाड्याची गाडी केली. बाबल आला नाही. मी म्हटलं, रुसलाय, रुसू दे.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या खोलीवर गेलो. वहिनी सांगत होत्या आणि मला कशाचा अर्थ लागत नव्हता. वर्षभर विसरणं चाललं होतं. घर विसरायचा, जेवलेलं विसरायचा. त्या रोज त्याला गॅरेजपर्यंत सोडायच्या, संध्याकाळी आणायला जायच्या. “हात तेवढे विसरले नव्हते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. सुद्याला कळलं तर गाडी दुसऱ्याला देईल.” म्हणजे तो आजार होता, की माझा हुकूम त्याने शब्दशः पाळला? की दोन्ही? आता एक नवा डेंटर म्हणतो, दहा मिनिटांत हँडलची नवी भोकं पाडतो. मी नुसतं ‘बघू’ म्हणतो. का, ते मलाही सांगता येत नाही.

वहिनींसमोर बसलो होतो तेव्हा मला एकच विचारायचं होतं. शेवटी विचारलं, “त्या दिवशी घरी आल्यावर काय म्हणाला? फार लागलं का त्याला?”

“म्हणाले, आज एक गिराईक खूप आरडला,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हटलं, अहो, ते सुधीरभावजी होते. त्यांचा मला फोन आलेला. तर माझ्यावरच चिडले, आमच्या मालवणीत. म्हणाले, ‘खुळी काय गो तू? सुद्यो माझ्यार कधी आरडूचो नाय.’”

माझं समाधान व्हावं म्हणून त्यांनी हे सांगितलं. झालं की नाही, मला अजून समजत नाही. गाडी खाली उभी आहे. कधी काढायची झाली तर डाव्या दाराने शिरतो, सरकत सरकत स्टिअरिंगपाशी जातो, आणि किल्ली फिरवायच्या आधी त्याला सांगतो, मीच होतो रे बाबल. आरडलो तो मीच.