ओळखीच्या फायली

शाळेच्या गणवेशांवरची बोधचिन्हं संध्याकाळपर्यंत द्यायची होती आणि कॉम्प्युटर म्हणत होता, जागा शिल्लक नाही. कॉम्प्युटरमध्ये नवी नक्षी भरल्याशिवाय भरतकामाचं मशीन टाका घालेना. काहीतरी पुसायलाच हवं होतं; पण पडद्यावरच्या फायली म्हणजे बहुतेक नवऱ्याचा पसारा, आणि पक्षाघातानं त्याची वाचा गेलेली. पडद्याचा फोटो काढून ती आतल्या खोलीत त्याच्या पलंगाशी गेली.

"ही पुसू?"

"हं."

"की ठेवू?"

"हं."

"अहो, दोन्हीला हं म्हटलं तर मी काय करू?"

तो केविलवाणं हसला. तिनं दिराला फोन लावला.

"वहिनी, अनोळखी फायलीला हात लावू नका. मशीन चालवणारी निघाली तर मशीनच बंद पडेल."

"मग पुसू तरी काय, भाऊजी?"

"ओळखीचं असेल ते."

ओळखीचं एवढंच होतं: त्याच्या आजारपणात धडपडत शिकून तिनं स्वतः काढलेल्या नक्ष्या. द्राक्षाचा वेल, चिमण्यांची जोडी, अर्धवट राहिलेलं कमळ. तिनं त्या एकेक करून पुसल्या, कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. नवी नक्षी भरताच मशीन खडखडत जागं झालं.

आतून आवाज आला, "हं?"

"हो, मिळाली जागा," ती म्हणाली आणि पहिला सदरा मशीनवर ताणून बसवला.