मावशीसाठी केलेली पीपीटी

आमच्या लॅपटॉपवरचं पीपीटीचं सॉफ्टवेअर त्या रविवारी सकाळपासून एकच खेळ खेळत होतं. चिन्हावर क्लिक केलं की एक रंगीत चौकोन यायचा, त्यात खाली काहीतरी भराभर सरकायचं, मी श्वास रोखून बसायची आणि चौकोन गायब व्हायचा. मग एक शहाणी पाटी यायची, की सॉफ्टवेअर बंद पडलं आहे. ते मला दिसतच होतं. खाली विचारणा असायची, झाल्या प्रकाराची माहिती कंपनीला पाठवायची का. मी दर वेळी 'हो' म्हटलं. त्या दिवशी माझ्याइतक्या तक्रारी अख्ख्या विदर्भातून गेल्या नसतील.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला बैठक होती, आणि आमच्या शाळेत मावशी राहणार की जाणार हे त्या पीपीटीवर ठरणार होतं.

माझी शाळा एका पोडावर आहे. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. पहिलीत येणारी पोरं घरी कोलामी बोलतात, आणि मराठी त्यांच्या कानावर पडते ती बहुतेक बाजाराच्या दिवशी. मी यवतमाळ शहरात वाढलेली, मला कोलामीचा गंध नव्हता. पहिल्याच दिवशी एक पोरगी माझ्याकडे बघून "ईर, ईर" म्हणत होती. मी तिला पेन्सिल दिली, पाटी दिली, शेवटी खिडकीसुद्धा उघडून दिली. दारात एक बाई आपल्या पोराला सोडायला आली होती, ती म्हणाली, "म्याडम, पानी मांगते ते."

ती ही मावशी. पोराला सोडायला आली आणि दारातच बसली, दुसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या आत बसली, आणि महिन्याभरात पहिलीच्या पोरांमध्ये मांडी घालून बसायला लागली. मी फळ्यावर चित्र काढायची, मराठी शब्द सांगायची, ती तोच शब्द कोलामीत सांगायची, आणि पोरांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायचं. तिला कोणी नेमलं नव्हतं. शाळेबाहेर बकऱ्या बांधून ती यायची आणि दुपारी त्याच सोडून घेऊन जायची. तिचा पोरगा आता चौथीत आहे, तरी मावशी पहिलीतच आहे.

मग तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब शाळाभेटीला आले. त्यांनी मावशीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बाहेरची व्यक्ती वर्गात बसवता येत नाही, मॅडम." मी खूप सांगून पाहिलं. म्हटलं, सर, एक दिवस वर्गात येऊन बसा, म्हणजे कळेल. ते म्हणाले, "तुम्ही एक पीपीटी करा. बैठकीत मांडा, मग बघू." हल्ली असंच झालंय. डोळ्यांसमोर पोरगं शिकताना दिसलं तरी भागत नाही, ते भिंतीवर सरकताना दिसावं लागतं.

केली मी पीपीटी. माझं टायपिंग जुन्या पद्धतीचं आहे, मशीनवर परीक्षा पास केलेलं. मोबाईलसारखं इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणं मला काही जमत नाही, त्यामुळे माझं सगळं लिखाण जुन्या मराठी फॉन्टमध्येच असतं. पोरांचे फोटो, त्याखाली शब्द, कोण कधी काय वाचायला लागलं, सगळं मी त्यात घातलं. पहिलं पान मात्र नवऱ्याने करून दिलं. त्याचं कृषी केंद्र आहे, पण जीव बॅनरमध्ये अडकलेला. वाढदिवस, जयंती, स्वागत, श्रद्धांजली, गावात कोणालाही काहीही झालं की हा रात्रीतून बॅनर करून देतो, आणि तोही माझ्या लॅपटॉपवर. माझ्या पीपीटीचं पहिलं पानही त्याने बॅनरसारखंच एका चित्रात बसवून दिलं होतं, शाळेचा फोटो, भोवती झेंडूच्या माळा, वर शाळेचं नाव.

तर रविवारी सॉफ्टवेअर उघडेना, तेव्हा हा शेजारी खुर्ची ओढून बसला.

"एकदा बंद करून चालू करून पाह्य."

"सकाळपासून तेच तर करून राह्यली मी."

"मंग बॅटरी काढून पाह्य."

"याची बॅटरी निघत नाही."

"असा कसा लॅपटॉप घेतला मंग? कोनं घेतला?"

"तुम्हीच घेतलता!"

मग त्याने राळेगावच्या आपल्या मित्राला फोन लावला. या मित्राचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि बॅनर करतो म्हणजे त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा आमच्याकडे समज आहे. त्याने सांगितलं, सॉफ्टवेअर काढून टाका आणि परत टाका. परत टाकायला नेट हवं, आणि आमच्या घरात नेट फक्त मागच्या भिंतीपाशी येतं. मग नवरा मोबाईल हातात धरून त्या भिंतीवर बसला, मी खाली ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले, आणि दुपार अशी गेली. वरून हा विचारायचा, "किती झालं?" मी सांगायची, "हलू नका." येणारेजाणारे त्याला विचारायचे, भिंतीवर काय करून राह्यले भाऊ, आणि हा प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचा.

सॉफ्टवेअर नवंकोरं आलं. रंगीत चौकोन आला, खाली काहीतरी सरकलं, आणि गायब.

मला रडू यायचं बाकी होतं. खरं सांगायचं तर थोडं आलंच. एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढी हुशार माणसं, आणि एका बाईला वर्गात बसू द्यायचं की नाही हे त्या चौकोनाच्या मर्जीवर! मी अँटिव्हायरस बंद केला, प्रिंटरची वायर काढली, माऊस काढला. नवऱ्याने उगाचच पंख्याचं बटण बंद केलं. का, ते मी विचारलं नाही.

शेवटी सहज म्हणून मी पत्र लिहायचं दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. तेही कुंथत कुंथत उघडलं. त्यात फॉन्टची यादी उघडून पाहिली तर ती संपेचना. मी खाली खाली जातेय आणि नवीन नवीन नावं येतायत, सगळे मराठी, एकाहून एक नटवे.

"एवढे फॉन्ट कुठून आले?"

नवरा भिंतीकडे बघायला लागला. "राळेगाववाल्यानं पेन ड्राइव्हवर देल्ले. म्हने सारेच टाकून ठेव, कवा कोनता लागते सांगता येत नाही."

"कवा टाकले?"

"परवा. पाटलाच्या नातवाचं बॅनर होतं ना, तवा."

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. पुन्हा राळेगावला फोन. आता तो मित्र निवांतपणे म्हणाला, "असन त्यातला एखादा खराब. एक जरी खराब असला तरी सुरू होत नाही कधी कधी. मराठी फॉन्ट सारे उडवा वहिनी, मंग पाहा." हे त्याला सकाळी सुचलं नव्हतं.

आम्ही उडवायला बसलो. नवरा प्रत्येक फॉन्टपाशी अडायचा. हा शिवजयंतीचा आहे, हा बुद्धजयंतीचा आहे, हा लग्नाला फार शोभते. मी म्हटलं, बाजूला व्हा. सगळे एकदम निवडले आणि उडवले. पीपीटीवर क्लिक केलं. रंगीत चौकोन आला, सरकला, आणि समोर पडदाभर झेंडूच्या माळांमध्ये आमची शाळा उभी राहिली.

आम्ही दोघंही ओरडलो. नवरा म्हणाला, "आता हात नको लावू त्याले." मलाही तेच वाटत होतं. चालू झालंय ना, मग पुढचं पान बघायलासुद्धा बोट लावायचं नाही, न जाणो पुन्हा बसेल. मी तसाच लॅपटॉप मिटला आणि कपाटात ठेवून दिला.

सोमवारी मावशी माझ्यासोबत आली. धुतलेलं पातळ नेसून, केसांना तेल लावून. मी म्हटलं, तू कशाला येतेस, तर म्हणाली, "माह्याबद्दलच बोलनार ना ते?" ती व्हरांड्यात बसली आणि मी आत गेले.

हॉल तालुक्यातल्या शिक्षकांनी भरलेला होता. माझी पाळी आली. वायर जोडली, क्लिक केलं, चौकोन सरळ उघडला. झेंडूच्या माळा भिंतीवर आल्या तेव्हा मागून कोणीतरी "वा" म्हणालं. मी दुसरं पान दाबलं.

पाटी धरलेल्या पोरीचा फोटो होता. त्याखाली मी 'पाटी' असं लिहिलं होतं, तिथे इंग्रजीत आय, के, व्ही, एच अशी चार अक्षरं होती. वरच्या मथळ्याच्या जागी कंस, टक्के आणि उलटीसुलटी चिन्हं. तिसरं पानही तसंच, चौथंही तसंच. सगळे मराठी फॉन्ट उडवले होते, त्यात माझा स्वतःचाही गेला होता, आणि तो जुना फॉन्ट नसला की त्याच कळांवरची इंग्रजी अक्षरं दिसतात. माझा एकेक शब्द तिथे होता आणि एकही वाचता येत नव्हता.

साहेब चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, हे काय आहे?"

आणि मग अख्खा हॉल माझ्या मदतीला धावला. एकजण म्हणाला फॉन्ट गेलाय. दुसरा म्हणाला, माझ्या पेन ड्राइव्हमध्ये आहे, थांबा. तिसऱ्याने प्रोजेक्टरची वायर काढून उलटी लावून पाहिली. दोन मॅडम मला सांगत होत्या, मोबाईलवर पाठवा, तिथे दिसेल. माझ्या लॅपटॉपवर माझ्याखेरीज सगळ्यांची बोटं होती. शेवटी साहेबसुद्धा खुर्चीवरून उठून भिंतीजवळ आले आणि कंटाळून म्हणाले, "मॅडम, आम्हाला एक अक्षर कळत नाहीये. काय बघायचं आम्ही?"

मी काहीही ठरवलेलं नव्हतं. दोन दिवसांचा संताप होता, तो बाहेर पडला.

"कळत नाही ना, सर? तुम्ही सगळे शिकलेली, मोठी माणसं आहात. दोन मिनिटं समोरचं वाचता आलं नाही, तर अख्खा हॉल उठून उभा राहिला. माझ्या पहिलीतली पोरं जूनपासून फळ्याकडे अशीच बघत बसतात. त्यांच्यासाठी कोणी उठत नाही. एक बाई येते, आणि तिलाच तुम्ही बाहेर काढताय."

माझा आवाज फाटला होता. लॅपटॉपवरची बोटं मागे गेली. वायरीशी बसलेला तेवढा म्हणाला, "मॅडम, झालं बहुतेक." साहेबांनी त्याला हातानेच बसवलं.

ते स्वतः मात्र लगेच बसले नाहीत. भिंतीवरच्या त्या पोरीकडे आणि तिच्या खालच्या चार अक्षरांकडे बघत राहिले. मग विचारलं, "त्या बाई आल्यात का?"

"व्हरांड्यात बसल्यात."

त्यांनी तिला आत बोलावलं नाही. जागेवर जाऊन कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "यंदापुरतं राहू द्या त्यांना. आणि मॅडम, पीपीटी दुरुस्त करून पाठवा. फाइलला लावावी लागेल."

मी बाहेर आले. मावशी उठून उभी राहिली.

"भांडन झालं का म्याडम? आवाज येत होता."

"नाही झालं. राहा म्हणाले. यंदापुरतं."

"यंदापुरतं म्हंजे?"

"एप्रिलपर्यंत."

"आन मंग?"

"मग पुन्हा विचारायचं."

आम्ही दोघी रस्त्यावर येऊन बसची वाट बघत उभ्या राहिलो. तिथे ती म्हणाली, "माह्या भावाची पोरगी पुढच्या साली पह्यलीत येते. तिले मराठी काहीच येत नाही. तिले काय सांगू म्याडम, शाळेत जाऊ नको म्हनून?"