कांताबाई वाचून दाखवायच्या

मानपाड्याच्या कांताबाई शाळेत संस्कृतात पहिल्या यायच्या. लग्नानंतर ते संस्कृत जे मागे पडलं, ते पडलंच. पुढे नवरा, कुंडलिकराव, केमिकल कंपनीतून निवृत्त झाले, काचबिंदूने त्यांची नजर अधू झाली आणि उपनिषदं वाचायची हौस त्यांना नेमकी तेव्हाच आली. मग रोज संध्याकाळी भाजी निवडून झाली की कांताबाई त्यांना वाचून दाखवू लागल्या. अवघड शब्द फोडून सांगायच्या, अर्थ लावायच्या. "पुन्हा वाच," ते म्हणायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. संसारातले सगळ्यात सुखाचे दिवस हेच, असं त्या मुलीला, रुचिताला, सांगायच्या.

गेल्या वर्षी ज्येष्ठांच्या मंडळात कुंडलिकरावांचं व्याख्यान झालं. कांताबाई कौतुकाने पुढच्या रांगेत बसल्या होत्या. शेवटी अध्यक्षांनी कुंडलिकरावांना शाल घातली आणि जाहीर केलं, "कुंडलिकराव संसार सोडून मुरबाडकडच्या आश्रमात कायमचे राहायला निघालेत!"

टाळ्या पडल्या. शेजारची बाई हात दाबून म्हणाली, "वहिनी, केवढा हो त्याग तुमचा!"

कांताबाईंच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. ते आवरायचंही त्यांना सुचेना.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "अहो, मला आधी का नाही सांगितलंत?"

"रडली असतीस. अगं, आत्म्याला कुठली आलीय बायको? तूच तर वाचून दाखवलंस."

"मला वाटलं, आपण दोघं मिळून वाचतोय."

त्याच आठवड्यात आश्रमाची गाडी आली.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "इथला वाचणारा फार अडखळतो गं. रविवारी येत जाशील?"

कशी आहेस, एवढंही नाही. "नाही जमणार," म्हणून कांताबाईंनी फोन ठेवला.

"आई, ती पुस्तकं लायब्ररीला देऊन टाक," रुचिता म्हणाली. त्यांचं मन होईना. राग मात्र पुस्तकांचाही होता. सगळ्यांत एकच आत्मा नांदतो म्हणणाऱ्या त्या पानांनी त्यांच्याच आवाजात नवऱ्याला बाहेरची वाट दाखवली होती.

पुढे एका दुपारी त्यांनी त्यातलं एक उघडलं, मनातल्या मनात वाचू लागल्या. एका वाक्यापाशी अडल्या. "हे मला पटत नाही," त्या मोठ्यांदा म्हणाल्या, आणि पुढे वाचायला घेतलं.