बासेच्या बाजारातला सूड

कुठल्याही गावाचं नाव घ्या, रविकांत करमरकर तिथे जाऊन आलेले असतात. नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेलच्या आमच्या मराठी कंपूत एखादं नवं जोडपं प्रागहून परतलं, तर फोटो उघडायच्या आत रविकांत हातातला कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "आम्ही जाऊन आलोय. विशेष काही नाही." संपलं प्राग. तसा माणूस लाखमोलाचा. कुणी घर बदलत असलं की गाडी घेऊन पहिले हजर. फक्त त्यांच्यासमोर प्रवासाचा विषय काढायचा नाही.

मंजूषाताईंनी तो काढला. त्या इथल्या एका पाळणाघरात डच पोरं सांभाळतात. स्वतःच्या कमाईतून पहिल्यांदाच लिस्बनला जाऊन आल्या होत्या. कोजागरीला त्यांनी तोंड उघडलं, तोच रविकांत म्हणाले, "आम्ही जाऊन आलोय. आणि ताई, तुमचा खरा प्रवास ओट्यापासून सायकलपर्यंत!"

सगळे हसले. ताईंचे यजमान संजीवही हसले. संजीवरावांना पुढे बरेच दिवस बिनफोडणीचं वरण मिळालं, पण ती किरकोळ वसुली. ताईंचा खरा डोळा रविकांतांवर होता.

"मला असं गाव हवंय," त्या म्हणाल्या, "जिथे या माणसाचं पाऊल पडलेलं नाही."

ते गाव पाळणाघरातच सापडलं. ताईंची तिथली मैत्रीण जैनाबा पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाची, माहेर बासे. नदीकाठचं, बाजाराचं गाव. "सुट्टीत चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. ताई निघाल्या.

बासेत पहिल्याच सकाळी त्यांनी अस्सल पुणेरी चूक केली. जैनाबाच्या मावशीचं निळीत रंगवलेल्या कापडाचं दुकान होतं. पायरीवर पाय ठेवता ठेवताच ताईंनी विचारलं, "कसं दिलं?" मावशी नदीकडे बघत बसली. ताईंनी स्वतःच भाव पाडून सांगितला. मावशीने कापडाची घडी घालून ते आत ठेवून दिलं.

"अगं, आधी विचारपूस कर," जैनाबा कुजबुजली. "घरचे कसे, म्हातारी आई कशी, शेत कसं. त्याशिवाय ही मावशी तुला चिंधीसुद्धा देणार नाही."

मग ताई बैठक मारून बसल्या, जैनाबा दुभाषी. विचारपूस म्हटल्यावर त्यांना कोण हरवणार! मावशीच्या आईच्या गुडघ्यांपासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं निघालं. समोर होड्यांतून शेळ्या आणि सायकली पैलतीरी जात होत्या. दुपारी भात आला, त्यावर शेंगदाण्याचं कालवण, आपल्या दाण्याच्या आमटीची सख्खी बहीण. कापड संध्याकाळी मिळालं, तेही मावशीने स्वतःहून भाव उतरवून.

परत आल्यावर ताईंनी सगळ्यांना घरी बोलावलं आणि जेवणाआधी फोटो लावले. स्वयंपाकघरातून भरल्या वांग्यांचा वास येत होता आणि पडद्यावर बासेच्या बाजारातल्या सुक्या मासळीचा फोटो हलायला तयार नव्हता. रविकांतांनी सवयीने कप खाली ठेवला. पुन्हा उचलला.

ताईंना स्वर्ग दोन बोटं उरला होता. तेवढ्यात रविकांत म्हणाले, "कसं जायचं म्हणालात? जानेवारीत माझी रजा आहे."

ताईंचा चेहरा पडला. हा माणूस बासेला जाणार, मग बासेही प्रागच्या वाटेने जाणार! एवढा उपद्व्याप केला तो काय यासाठी? पण क्षणभरच. मग त्या गोड हसल्या.

"जरूर जा, रविकांतभाऊ. फक्त एक सांगते. तिथे इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या नाहीत. थेट भाव विचारायचा. फार आवडतं त्यांना."

संजीवरावांना ठसका लागला.

जानेवारीत मावशीचा फोन आला. जैनाबा तिचं एकेक वाक्य ताईंना भाषांतर करून सांगत होती. "एक उंच माणूस आला होता, तुमच्याकडचा. माझी आई कशी आहे हे न विचारता भाव विचारत सुटला. सगळा बाजार हिंडला. कुणी त्याला टोपीसुद्धा विकली नाही. तुझा कोण गं तो?"

"कुणी नाही," ताई म्हणाल्या.

होळीच्या पुरणपोळ्यांना सगळे पुन्हा जमले. रविकांत सांगू लागले, "बाजार मोठाय हो, पण विकतच नाहीत काही! मी कापड दाखवा म्हणतो, तर बाई आपली नदीकडे बघतेय..."

मंजूषाताईंनी खांद्यावरची निळी ओढणी सारखी केली आणि हातातला कप सावकाश खाली ठेवला.

"आम्ही जाऊन आलोय," त्या म्हणाल्या. "आम्हाला तर जेवायला घालून पाठवलं बाई त्यांनी!"