शेवटची पानं नसलेली रहस्यकथा
उत्तम साहित्य दोन जिवांना जवळ आणतं, असं म्हणतात. साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला कारखान्याजवळच्या काष्टी गावातली ती दुपार आठवते. मी मुलगी पाहायला गेलो होतो. आधीच्या घरांतून नकारच आले होते. वडीलधाऱ्यांनी आम्हाला बोलायला ओसरीवर सोडलं, तेव्हा मी तिचं आवडतं पुस्तक विचारलं. तिने आठवडे बाजारात घेतलेली जुनी रहस्यकथा आणली. शेवटची पानं गायब होती. माझीही तीच लाडकी, आणि माझ्या घरी ती सबंध होती. "मग खून कुनी केला?" तिने विचारलं. "लग्नानंतर सांगतो." "लई लबाड हाय तुमी!" म्हणत ती उंबऱ्यातूनच आत ओरडली, "आबा, व्हय म्हना!" आमच्या नात्यात अजून सांगतात, लग्नानंतरच्या सत्यनारायणाला गुरुजी नवरीचं शेवटचं प्रकरण वाचून संपायची वाट पाहत बसले होते.