निर्मनुष्य

ग्रंथालयातल्या प्रदर्शनात उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटाचे जुने नकाशे मांडले होते. किनारा केसासारख्या बारीक रेषेने काढलेला, प्रत्येक खाडीला कुणा ना कुणा साहेबाचं नाव, आणि मधल्या पांढऱ्या भागावर एकच शेरा: निर्मनुष्य. त्याच पांढऱ्यातून एक तुटक रेघ आडवी गेली होती. खाली खुलासा होता, ‘कुत्र्यांच्या गाड्यांची वाट’.

माणूसच नाही, तर वाट पाडली कुणी? मोजणीवाले उन्हाळ्यात जहाजाने आले असणार. तोवर हिवाळ्यातली बर्फाची घरं वितळून गेलेली. घर दिसलं नाही, म्हणून माणूस नाही.

मला हसू येणार होतं, पण हसायचा हक्क मला नाही. मीही जन्मभर मोजणी खात्यात नकाशेच काढले. एकदा माळावर धनगरांचा तळ लागला. दर वर्षी चार महिने ते तिथेच असत. आमचे साहेब म्हणाले, “पक्कं घर असेल तरच खूण करायची. ही पालं उद्या उठतील.”

तिथल्या म्हातारीने आम्हाला झरा दाखवला, पाणी पाजलं आणि मला विचारलं, “आमचं घर काढलंस का रं कागदावर?”

“काढलं, आजी,” मी म्हणालो.

तो नकाशा आजही वापरात आहे. माळ त्या बेटासारखाच पांढरा आहे. झरा तेवढा निळ्या शाईत आहे, अगदी अचूक जागी.