प्रत्येक तारेला विचारणारे चाचा

सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हटलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

ऐंशीच्या दशकात शिरोली एमआयडीसीत पत्रा दाबणाऱ्या एका जुन्या प्रेसला मी ती चालवणारा नवा कंट्रोलर बसवायला गेलो होतो. मशीनवरच्या प्रत्येक स्विचची तार कंट्रोलरच्या ठरलेल्या नंबरावर यायला हवी होती. तारांचा नकाशा माझा होता आणि तारा जोडल्या होत्या कारखान्याचे वायरमन असलेल्या चाचांनी.

तरी ते एकेक तार पुन्हा तपासत बसले. ऑपरेटरला मशीनवरचा स्विच दाबायला लावायचे, कंट्रोलरवर दिवा लागला की कानामागची पेन्सिल काढून नंबरापुढे खूण करायचे आणि पेन्सिल परत कानामागे ठेवायचे.

मी वैतागलो. "अहो चाचा, तारा तुम्हीच जोडल्यात की!"

"म्हणून तर बघायचं, साहेब. सोताच्या हातावर इस्वास ठेवला की माणूस बघायचं सोडतंय."

ऑपरेटरनं हात वाचवणारी जाळी बंद केली. सहा नंबरचा दिवा लागायला हवा होता, लागला सातचा. सात नंबर तेलाच्या पातळीचा, तेल कमी झालं तर नुसता इशारा देणारा. म्हणजे तेल पुरेसं असलं की कंट्रोलरला जाळी बंदच वाटली असती आणि ती उघडी असतानाही प्रेस दणादण चालली असती.

चाचा अख्ख्या शेडला ऐकू जाईल असे ओरडले, "थांबा रं! माझी चूक हाय. जाळीची तार तेलाच्या नंबरावर बसलीया."

गुपचूप बदलली असती तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी दोन्ही तारा बदलल्या, सगळ्या खुणा खोडल्या आणि एक नंबरपासून पुन्हा सुरुवात केली.

'सर्व तारा तपासल्या' या कागदावर मी सकाळीच सही केली होती.